उन्हातली आग

आमच्या गॅरेजात एक खराटा होता, त्याने कधी केर काढला नाही. दाराशी उभा असायचा. आत जाताना तो पुढे धरून चालायचं, आंधळ्याने काठी धरावी तसं. यांनी जुन्या मोटारी इथेनॉलवर चालवायला घेतल्या, तेव्हापासूनची ही रीत. इथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसतच नाही. खराट्याचं टोक पेटलं की समजायचं, पुढे आग आहे.

"धूर बघ किती कमी! पोरीचा खोकला पळाला की नाही?" हे म्हणायचे.

"पळाला. पण टाकीही तेवढ्याच वेगाने रिकामी होते. आणि रबरी नळ्या फुगून फाटतात, त्याचं काय?"

"तुझ्या माहेरचे सगळेच असे. चंद्रावरचेही डाग दाखवतील!"

त्या दुपारी नवी नळी आली नव्हती. यांनी पेट्रोलच्या गाडीची जुनी नळी बसवली. "आजच्यापुरती," म्हणाले आणि मागच्या चाकांशी गाडीखाली शिरले. आमची चिमी, चार वर्षांची, आतल्या भिंतीशी नटबोल्टांची रांग लावत होती. फरशीवर लख्ख ऊन पडलं होतं.

मी चहा घेऊन आले, सवयीने खराटा पुढे केला. दोन पावलं गेले आणि काड्या वळल्या, काळ्या पडल्या. समोर काहीच नव्हतं. फक्त पलीकडची चिमी पाण्यातल्यासारखी हलत होती.

"आई, मला चहा!" ती उठली.

"चिमे, पुतळा! हलायचं नाही!"

"का?"

"आग आहे."

"कुठंय? खोटारडी!"

आवाज ऐकून हे गाडीखालून ओरडले, "टबातलं पाणी ओत!"

पंक्चर शोधायचा टब शेजारीच होता. माझा हात उठेना. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी घालायचं नाही, आग तरंगत पसरते, हे यांनीच माझ्याकडून घोकून घेतलेलं.

"अहो, पसरेल! पोरगी पलीकडे आहे!"

"पेट्रोल नव्हे ते! पाण्यात मिसळतं. ओत, बाई, ओत!"

चिमीने एक पाऊल उचललं. मी टब उलथला. चर्र झालं. नळाखालची बादली ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. विझली की नाही, कुणाला ठाऊक? पेटताना दिसली नाही, ती विझताना काय दिसणार? उरलेल्या कोरड्या काड्या पुढे धरून मी जीव मुठीत घेऊन निघाले. काड्या तशाच राहिल्या. चिमीला उचललं आणि धावत बाहेर आले. मागोमाग हेही आले, भिजलेले, पांढरेफटक.

समोरच्या पायरीवर आम्ही बसलो. गॅरेजात ऊन होतं तसंच होतं, शांत. यांनी तिथून नजर हटवली नाही.

चिमी माझ्या मांडीवर ताठ होती.

"आई, आता हलू?"

"थांब," हेच म्हणाले. "अंधार पडू दे."