मागोचा काटा

रविवारची प्रार्थना धड संपलीही नव्हती, तोच अर्धं गाव चर्चमधून उठून एर्मेतेच्या शेडसमोर जमलं. सव्वाशे सीसीच्या पंधरा-वीस स्पोर्ट्स गाड्या रांगेत गुरगुरत होत्या. शेजारी सेकोंदो आपल्या टपरीवर पियादिना, म्हणजे तिकडच्या पातळ पोळ्या, भाजत होता. एर्मेतेला सगळे ‘मागो’ म्हणत, म्हणजे जादूगार. त्याचा हात लागला की ताशी दीडशेने पळणारी गाडी पावणेदोनशे गाठायची. काट्यावर दिसायचं ते! इटलीच्या या रोमान्या भागातला पोरगा एक वेळ आईच्या शब्दावर शंका घेईल, स्पीडोमीटरच्या काट्यावर नाही.

“गाडीला आत्मा असतो, मंडळी!” मागो टाकी थोपटत म्हणाला. “कारखान्यातून ती बिचारी भेदरलेली येते. शक्ती शिरते पुढच्या चाकातून, म्हणून ते चाक मी पडद्याआड सोडवतो. टाकीखाली ही तांब्याची चकती लावतो. मग तिला ऑइलचं ओझं कशाला? पेट्रोलात ऑइल निम्मंच घाला. बाकी चकती सांभाळून घेते.”

गर्दीच्या मागे ओरिएला उभी होती. तंत्रशाळेत ती पोरांना लेथ शिकवायची. शेजारी तिचा धाकटा भाऊ नेवियो, काठी टेकून. एप्रिलमध्ये कालव्याच्या रस्त्यावर, मंतरलेल्या गाडीची मूठ पूर्ण पिळलेली असताना पिस्टन अडकला, मागचं चाक जाम झालं आणि एकोणीस वर्षांचा पोरगा दगडांवर जाऊन आपटला. त्याचा उजवा गुडघा आता वाकत नाही. मागो फुलं घेऊन इस्पितळात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “चकतीत खोट नव्हती हो. पोराच्या मनात शंका होती.” गावाने माना डोलावल्या. नेवियोलाही ते पटलं. चार महिने तो रोज स्वतःलाच दोष देत होता, आणि हेच ओरिएलाला सहन होत नव्हतं.

पोलिसांत जाणं सोपं होतं. पण तिला सूड हवा होता, आणि तोही याच चौकात, डोललेल्या त्याच मानांसमोर.

“मागो,” ती पुढे येत म्हणाली, “सेकोंदोची गाडी तूच मंतरलीस ना?”

“मंतरली तर! एकशे पंचाहत्तर जाते,” सेकोंदोच मध्ये ओरडला. “विचार कुणालाही.”

“कुणाला नको, रस्त्यालाच विचारू. कालव्याच्या पाचव्या किलोमीटरच्या दगडाला वळसा घालून परत ये. बरोबर दहा किलोमीटर होतात. हळू चालव, वेग मला नकोच. निघताना मीटरचा आकडा शून्यावर आण.”

“मास्तरीणबाई, इथे शाळा भरलीय का?” मागो हसला. लोकही हसले.

“भरलीय. तूही बस.”

सेकोंदो गेला आणि वीस मिनिटांत परतला. मीटरकडे बघत तो गाडीवरच बसून राहिला.

“किती?” ओरिएलाने विचारलं.

“अकरा... अकरा पूर्णांक सात.”

“दगड सरकले वाटतं?” तिने विचारलं. कुणी हसलं नाही.

मग तिने एप्रनच्या खिशातून प्लॅस्टिकची दोन छोटी दातेरी चाकं काढून टपरीच्या फळीवर ठेवली. “पुढच्या चाकाच्या आत हे बसतं. काटा आणि किलोमीटरचा आकडा, दोन्ही हेच फिरवतं. कारखान्यातल्याला चौदा दाते. नेवियोच्या मोडक्या गाडीत सापडलं त्याला बारा. दाते कमी म्हणून ते जास्त फिरतं. गाडी दीडशेनेच पळते, काटा मात्र पावणेदोनशे दाखवतो. पडद्याआड शिरते ती शक्ती ही!”

सेकोंदोने तिथेच पान्याने आपल्या गाडीचं पुढचं चाक सोडवलं आणि दाते मोजले. बारा. त्याने पुन्हा मोजले, मग चाक परत बसवलं.

“अरे, पण ऑइल?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“ऑइल कमी केलं की धूर कमी होतो, म्हणून चमत्कार खरा वाटतो. आणि पिस्टन कोरडा पडून अडकतो.” ओरिएला मागोकडे वळली. “मी खोटं बोलत असेन तर तूच सिद्ध कर. ही गाडी तूच मंतरलेली, चकती तुझी, टाकीत ऑइल तू सांगतोस तेवढंच. मूठ पूर्ण पिळून पाचव्या दगडापर्यंत जाऊन ये. तुझ्या मनात तर शंका नाही ना?”

मागोने गाडीकडे पाहिलं. मग नेवियोच्या गुडघ्याकडे.

“आज... आज माझी कंबर धरलीय,” तो पुटपुटला.

“बस ना रे!” सेकोंदो गरजला. “माझ्या पोराला याच गाडीवर बसवलं होतंस!”

मागो बसला नाही. एक पाऊल मागे, मग आणखी एक, करत तो पडद्यापर्यंत गेला. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. लोक नुसते बघत राहिले, आणि त्याची मान खाली जाताना ओरिएलाला मनापासून आनंद झाला. ती तो लपवतही नव्हती.

काठी टेकत नेवियो पुढे आला. रांगेतल्या पोरांची तोंडं उतरली होती.

“चाकं उघडा, दाते मोजा, दगड मोजा,” तो त्यांना म्हणाला. “ऑइल पुस्तकात लिहिलंय तेवढंच घाला. पडद्याआड काय चालतं ते जो बघू देत नसेल, त्याच्या हातात गाडी देऊ नका.” मग तो मागोकडे वळला. “त्या दिवशी माझ्या मनात शंका नव्हती, मागो. एवढीशीही नव्हती. असती, तर आज मी धावत आलो असतो.”