स्वल्प म्हणजे किती?

विश्वेश्वरला टॉवेलात हात गुंडाळून रिक्षात घातलं. बोटं प्रेसखालच्या डब्याच्या झाकणातच राहिली. रिक्षा फाटकाबाहेर पडते न पडते तोच मालक हंबीररावांनी कामगार रघुपतीच्या तोंडात पहिली ठेवून दिली.

दुसऱ्या ठोशाला नाक फुटलं. चिकपेटातल्या दुकानात गिऱ्हाइकांना "या अक्का, बसा अक्का" करणारे हंबीरराव महादेवपुऱ्याच्या या शेडमध्ये आले की वेगळेच कुणी होत. आज तर त्यांनी पाना उचलला होता.

"प्रेसचा थांबण्याचा वेळ कुणी बदलला? बोल!"

"मीच, यजमान," रघुपती रक्त गिळत म्हणाला. "विश्वेश्वरअण्णाला ताप येऊन गेलेला. हात काढायला उशीर होतो, स्वल्प जास्त थांबव म्हणाले. म्हणून वाढवला."

"वाढवला? मग बोटं गेली कशी?" पाना खांद्यावर बसला.

संगणकापाशी उभ्या मुग्धाने फाइल उघडली. दिवा लागल्यावर प्रेसने किती थांबायचं तिथला आकडा खोडून रघुपतीने इंग्रजी अक्षरांत, अगदी मनापासून, लिहिलं होतं: स्वल्प.

थोडं.

पुण्याहून इथे आल्यापासून कानडी बोलायची वेळ आली की मुग्धा रघुपतीलाच पुढे करायची. प्रेसचा प्रोग्रॅमही तिने तसाच बांधला होता. बाहेरून सी ही संगणकाची भाषा, कडक शिस्तीची. तिच्या पोटात बसवलेली दुसरी भाषा पर्ल, मवाळ स्वभावाची. रघुपतीने फाइलीत साध्या ओळी लिहायच्या, सीने त्या पर्लपुढे टाकायच्या, आणि पर्ल जे सांगेल ते खरं मानून प्रेस चालवायचा. घरात ठेवलेला दुभाषाच. "हिला माणसासारखं कळतं हो," हे मुग्धाच मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. पण या दुभाष्याला एक खोड. अनोळखी शब्द आला तरी कळलं नाही असं म्हणायचं नाही. शब्द मुकाट ठेवून घ्यायचा, आणि सीने त्याचा आकडा मागितला की शून्य हातावर टेकवायचं. थोडं थांब म्हटलेलं मुळीच थांबू नको झालं. आणि मुळात आलेला शब्द खरंच आकडा होता का, हे विचारायची बुद्धी मुग्धाने सीला दिलीच नव्हती.

"त्याची चूक नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

"तू मध्ये पडू नको, पोरी! हा खोटं बोलतोय." हंबीररावांनी रघुपतीचं मनगट धरून साच्यावर दाबलं. "वेळ वाढवलायस ना? मग निघेल हात. मुग्धा, बटण दाब!"

रघुपतीने लाथा झाडल्या. आयुधपूजेची झेंडूची माळ अजून प्रेसवर होती. तिच्यावर नाकातलं रक्त ठिबकत होतं. पूजेचा कोहळाही कोपऱ्यात तसाच, कुंकू भरलेला, गडबडीत फोडायचा राहिलेला.

मुग्धा वाद घालत बसली नाही. तिने कोहळा उचलला आणि सगळा भार घालून हंबीररावांच्या कोपरावर आदळला. शिवी देत त्यांनी हात मागे घेतला, त्याबरोबर रघुपतीचाही निघाला. कोहळा साच्यावर घरंगळला. तिने बटण दाबलं.

दिवा लागला आणि घाव बसला, दोन्ही एकदमच. कोहळा फुटला नाही, उडाला. हंबीररावांच्या तोंडावर, भिंतीवर, मुग्धाच्या ओढणीवर लाल चिखल. कुणाचं काय फुटलं ते क्षणभर कुणालाच कळेना.

"पाहिलंत? त्याने थोडं थांब लिहिलं. माझ्या प्रोग्रॅमने ते शून्य वाचलं."

हंबीररावांनी बाहीने डोळे पुसले. पाना अजून हातातच होता. "म्हणजे तू."

"हो."

"मग नीट कर. आणि केलंस की तुझा हात ठेव. त्याच शब्दावर."

"अक्का, नको! मी आकडा लिहितो ना!" रघुपती ओरडला.

"राहू दे तो शब्द. आज तुम्ही लिहिलात, उद्या आणखी कुणी लिहील."

ती बसली. आलेला जिन्नस आकडा नसेल तर प्रेसने जागचं हलायचं नाही, उलट विचारायचं, एवढंच सीला सांगायचं होतं. पण अर्धविराम गळला, कंस उघडा राहिला, आणि प्रत्येक चुकीला हंबीरराव टेबलावर पाना आपटत होते. शेवटी प्रोग्रॅम उभा राहिला. मुग्धाने कोहळ्याच्या बिया बाजूला सारून साच्यावर तळहात ठेवला. साचा ओला आणि गार होता.

बटण हंबीररावांनीच दाबलं.

मोटर गुरगुरली. मुग्धाने डोळे मिटले. दिवा लागला नाही. प्रेस वरच राहिला.

पडद्यावर काहीतरी उमटलं होतं. सुजल्या नाकातून रघुपती मोठ्याने वाचू लागला. त्यानेच तिला शिकवलेलं कानडी होतं ते.

"स्वल्प अंद्रे एष्टु? थोडं म्हणजे किती?"

हंबीररावांनी ते स्वतः पुन्हा वाचलं.

"सरी," ते म्हणाले, जणू भाजीचा भाव पटला. पाना ठेवून तोंड धुवायला गेले.

मुग्धाचा हात मात्र साच्यावरून उठेना. रघुपतीनेच तिची बोटं एकेक करून सोडवली.