सरळ झालेल्या चौकटीची कहाणी

मी एका जुन्या मोटारीच्या पुढच्या काचेची चौकट आहे. मोटारीचे कौतुक सगळे करतात. तिच्या दिव्यांचे, तिच्या चकचकीत बोनेटचे फोटो काढतात. माझ्याकडे मात्र कुणी बघत नाही, सगळे माझ्या आरपार बघतात. मित्रांनो, त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. पण मध्यंतरी माझ्यावर जे गुदरले, त्यातून मी अजून सावरलेली नाही. म्हणून आज तोंड उघडते आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एका वेळी एकच मोटार तयार व्हायची. एका कारागिराने पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला. मग काच कापणारा आला. त्याने माझ्यावर जाड कागद धरला, कडेकडेने पेन्सिल फिरवली आणि त्या कागदाबरहुकूम काच कापली. "हिची काच हिलाच बसणार," असे तो म्हणाला. मला वाटले, माझे लाड चालले आहेत. त्या बोलण्याचा खरा अर्थ कळायला माझे केस पांढरे व्हायची वेळ आली. मला केस नाहीत हा भाग वेगळा.

आमची मोटार ज्यांनी घेतली त्यांना सगळी गल्ली काका म्हणते. त्यांनी मोटार जिवापाड जपली. पुढे त्यांची दृष्टी गेली आणि मोटार काकू चालवू लागल्या. काका घराबाहेर पडेनासे झाले. रस्त्यात कशाला ठेच लागेल, कोण मध्ये येईल, याची त्यांना धास्ती वाटायची. फक्त मोटारीत बसायला ते एका पायावर तयार असत. डाव्या दाराशी येऊन ते माझा डावा खांब धरायचे, मान ठरावीक तेवढीच वाकवायचे आणि अलगद आत बसायचे. "इथं मला दिसतं," असे म्हणायचे. रोज संध्याकाळची ती फेरी हेच त्यांचे सारे जग होते.

अशाच एका फेरीत पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. काकूंनी ब्रेक दाबला. पण टेम्पो हिसक्याने पुन्हा पुढे निघाला, त्यावर बांधलेली लांब शिडी दोरातून मागे निसटली आणि सरळ माझ्या डाव्या कोपऱ्यावर आदळली. काय होते आहे हे कळायच्या आत मी आत दबले. काच रबरातून सुटून दोघांच्या मांडीवर पडली.

"अगं, मांडीवर काय पडलं?" काकांनी विचारले.

"काच," काकू म्हणाल्या. "हलू नका. तुम्हाला लागलं का?"

"नाही. फुटली का ती?"

काकूंनी काचेवरून नजर फिरवली. "नाही फुटली."

दोघे कितीतरी वेळ ती काच धरून तसेच बसून राहिले. दैव बलवत्तर म्हणून माणसे वाचली आणि काचही वाचली. पण आमचा कारखाना कधीच बंद पडला आहे. ही काच गेली असती तर दुसरी मिळाली नसती, मोटार शेडमध्ये पडून राहिली असती आणि काका घरात.

मला दुरुस्त करायला मिस्त्रींकडे आणले. त्यांना सगळे 'सूतभर' म्हणत, कारण 'माझ्या कामात सूतभरही फरक सापडणार नाही,' असे ते ज्याला त्याला ऐकवत. आधी त्यांनी माझा रंग खरवडला. चुरगळलेला भाग कापला, नवा पत्रा जोडला. मग आतून लोखंडी ठोकळा टेकवून बाहेरून हातोडी चालवली. प्रत्येक घावाला मी कळवळले. उजव्या बाजूची मापे घेऊन त्यांनी डावी बाजू बरोबर तशीच घडवली. शेवटी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आडवी-तिरपी टेप लावली आणि शेजारच्या दुकानदारांना बोलावून आणले.

"बघा. सुतासारखी सरळ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या आरपार न बघता माझ्याकडे बघत होते. मी फुगून गेले.

काकू काकांना घेऊन आल्या. काकांनी डावा खांब धरला, नेहमीएवढी मान वाकवली आणि त्यांचे कपाळ ठण्णकन माझ्यावर आपटले. ज्यांना मी इतकी वर्षे साधा ओरखडा येऊ दिला नव्हता, त्यांना मीच मारले होते.

काका कपाळ चोळत म्हणाले, "ही आपली गाडी नव्हे."

"अहो, असं काय करता? आपलीच आहे." काकू मिस्त्रींकडे वळून हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. परवा शेजारच्यांच्या कुत्र्यालाही आपला समजून बिस्किटं घातली यांनी."

"कुत्र्याचं राहू दे. खांब आत आलाय."

सूतभर नुसते हसले. त्यांनी काचेला रबर चढवले, रबराच्या खाचेत दोरी घातली आणि काच माझ्यावर टेकवली. आतून दोरी ओढत जावी तसे रबर माझ्या कडेवर चढत गेले. खालची बाजू बसली, उजवी बसली. डावा वरचा कोपरा मात्र बसेना. सूतभर बाहेर येऊन तळव्याने तिथे दाबू लागले.

"जरा जोर लावला की बसेल."

काच कण्हली. बारीकसा आवाज होता, पण मला तो आरपार गेला. काकूंनी झटकन मिस्त्रींचे मनगट धरले.

"हात काढा. ही गेली तर यांचं बाहेर पडणं संपलं."

सूतभरांनी हात काढला. काच उतरवून त्यांनी एका पुठ्ठ्यावर ठेवली, तिच्या कडेने पेन्सिल फिरवली, आकार कापला आणि पुठ्ठा बरोबर मधोमध दुमडला. दोन्ही अर्धे भाग जुळले नाहीत. डावी बाजू बोटभर बाहेर आली होती.

मी तर हबकूनच गेले. म्हणजे मी जन्मापासून वाकडी होते. माझ्या कारागिराचा हात डावीकडे जरा सैल पडला होता आणि काच कापणाऱ्याने ते ओळखून माझ्यासारखीच वाकडी काच मला दिली होती. माझा वाकडेपणा माहीत असलेला दुसरा माणूस एकच होता, आणि त्याच्या कपाळावर आता टेंगूळ आले होते.

"वाकडं सरळ करण्यात जन्म गेला माझा," सूतभर म्हणाले. "सरळ वाकडं कधी केलं नाही."

तरी त्यांनी हातोडी उचलली. स्वतःच घातलेला जोड कापला आणि ती सुरेख सरळ रेघ ते पुन्हा मोडू लागले. मधूनमधून काकांना खांब धरून बघायला सांगत होते. "अजून बाहेर," काका म्हणायचे. "अजून थोडा. बस, आता हात लावू नका."

काच बसली. एवढासाही आवाज न करता बसली.

सूतभरांनी सवयीने टेप काढली, थोडा वेळ हातात धरली आणि न उघडताच खिशात ठेवली. "काकू, कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका," ते म्हणाले. मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी काकांसाठी दार उघडले.

मित्रांनो, तुमच्या घरातही काही ना काही मोडेल. ते जरूर नीट करा, टाकून देऊ नका. पण सरळ करण्याआधी ते कसे होते हे कुणाला तरी विचारा. त्या वाकडेपणाच्या भरवशावर कुणीतरी डोळे मिटून जगत असते. त्या संध्याकाळी काकांनी माझा खांब धरला, मान ठरावीक तेवढीच वाकवली आणि ते अलगद आत बसले.