रंगाखालचं लोखंड

बसा, बसा. स्टूल डुगडुगतंय, पण पाडणार नाही तुम्हाला. एका रंगाऱ्याची आणि त्याच्या वहिनीच्या म्हाताऱ्या व्हॅनची गोष्ट सांगतो. ऐकून झाल्यावर कुठल्याही गाडीच्या पत्र्याला हात लावताना क्षणभर थांबाल, एवढी माझी हमी.

तर हा रंगारी. दुकानांच्या पाट्या करायचा. हाताला सफाई अशी, की दुकानात काय मिळतं ते राहायचं बाजूला, लोक पाटीच बघत उभे. त्याचा थोरला भाऊ गेला. मागे राहिली वहिनी आणि ही व्हॅन. दवाखान्यांच्या चादरी आणायच्या, धुवायच्या, नेऊन पोचवायच्या, हे वहिनीचं काम. घर त्यावरच चालायचं.

वहिनीसाठी आपण काहीतरी करावं म्हणून या गड्याने तीन आठवडे खपून व्हॅन रंगवली. वरवर नाही हं! एकेक बोल्ट काढला, त्याच्या बुडाशी दोन हात मारले, वाळवलं, बोल्ट परत बसवला. बॉनेटखाली इंजिनाला लागून तांब्याच्या जाळीची एक पट्टी होती, हिरवी पडलेली, पार खाल्लेली. ही कसली घाण, म्हणून तीसुद्धा चंदेरी रंगवून टाकली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, नवरीसारखी दिसतेय हो!" आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

त्या दिवसापासून नवरीने जे आजारपण काढलं, काय सांगू! ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे. हेडलाइट लावले की वायपर रांगायला लागायचे. स्टार्टर तर नुसता कण्हायचा. पासिंगला नेली, नापास. नवी बॅटरी टाकून नेली, परत नापास. तिथले साहेब म्हणाले, "गुरुवारी चार वाजता शेवटचं बघतो. नाही झालं तर नोंद रद्द. भंगारात द्या."

गुरुवारी सकाळी दीर-भावजय व्हॅन ढकलत फ्यूजमावशीच्या गॅरेजात आले. मावशी गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची, थोरल्या भावालाही ओळखायची. वय साठीचं, चष्म्याला एका बाजूला काडीऐवजी दोरा. आणि नाव का पडलं, तर उडायचीही तशीच.

"रंग कुणी मारला हा?"

"मी," रंगारी छाती काढून म्हणाला.

"झकास आहे. मार स्टार्टर. तू नको, तिला मारू दे."

वहिनीने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं. मावशीने रंगाऱ्याचं मनगट धरून त्याची बोटं ॲक्सिलरेटरच्या केबलवर टेकवली.

"आई गं! भाजलं की! ही कशाला तापली एवढी?"

"तेच सांगते. बॅटरीतून करंट वायरीने जातो. परत कसा येतो?"

"दुसऱ्या वायरीने."

"दाखव."

रंगाऱ्याने मागच्या दिव्यापासून शोधायला घेतलं. जाणारी एक वायर सापडली. दुसरी वीतभर, आणि ती सरळ पत्र्याला बोल्टाने आवळलेली. पुढे काहीच नाही.

"संपली की ही!"

"संपली नाही. तिथून पुढे गाडीचं अंगच वायर आहे, बाबा. पत्रा, चॅसी, इंजिन, सगळ्या लोखंडातून करंट बॅटरीकडे परत येतो. ह्याला अर्थिंग म्हणतात. तू प्रत्येक बोल्टाखाली रंग भरलास. रंगातून करंट जात नाही. आणि इंजिनाची ती पट्टी आधीच कुजलेली, तिचं तर तू तोंडच बंद केलंस. पण गेलेला करंट घरी परतल्याशिवाय राहतोय होय? दार लावलंस, तो खिडकीतून शिरला. ती खिडकी म्हणजे ही केबल, म्हणून तापली."

मग तिने एक जाड वायर बॅटरीच्या मायनसला आणि इंजिनाला लावली. "मार गं आता."

किल्ली पुरती फिरलीही नाही, तोवर इंजिन गर्जलं. रंगारी दोन पावलं मागे सरकला. तीन आठवडे या लोखंडाची इंच न् इंच जागा त्याने हाताखालून घातली होती. आतून एवढं काही चालतं, याचा गंधही नव्हता त्याला. मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली आणि तोंड पडलं.

"म्हणजे वहिनी, गाडी मीच मारली तुमची."

"मारली कुठे? मावशी म्हणतात ना, पट्टी आधीच कुजली होती."

"कुजली होतीच," मावशी म्हणाली. "ह्याने मढ्याला पावडर लावली, एवढंच. हं, घे हा ब्रश आणि घास. साडेबारा झाले."

तारेचा ब्रश हातात आला, पण हात उठेना. स्वतःचं काम खरवडायचं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच कळतं. वहिनीने नुसतं घड्याळाकडे बघितलं. तेवढं पुरलं.

मावशीने आधी बॅटरीचा मायनस काढला. रंगारी घासायला बसला. रंग गेला, खालचा गंज गेला, त्याच्याखाली शर्टाच्या बटणाएवढं लोखंड लख्ख उघडं पडलं. अशा सात जागा. प्रत्येक जागी दातेरी वायसर टाकून बोल्ट आवळला, नवी जाळीची पट्टी बसवली, वरून गंज धरू नये म्हणून व्हॅसलिन.

"ह्याच्यावर रंग... कधीच नाही ना?" त्याने दबकत विचारलं.

"मार की! आधी घासायचं, मग आवळायचं, मग हवा तेवढा मार. तुझा रंग चांगलाय, क्रम उलटा होता."

तीनला मायनस परत जोडला. वहिनीने हेडलाइट लावले, वायपर लावले, ब्रेक दाबून धरला. मागचे दिवे असे लालबुंद पेटले, की रंगाऱ्याचं तोंड उजळलं. त्याने हळूच पत्र्यावर तळवा टेकला. तेवढ्या दिव्यांचा सगळा करंट या लोखंडातून घरी चालला होता. ना थरथर, ना ऊब, ना आवाज.

"मावशी, काहीच कळत नाही हो हाताला."

"बारा व्होल्ट कसले कळतात? पण चाललंय. तुझा भाऊ गाडी चालवायचा, तेव्हाही चालायचं."

रंगाऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तसाच उभा राहिला. फ्यूजमावशी घाई कर म्हणायला तोंड उघडणार होती. त्याऐवजी पाने गोळा करायला लागली.

चारला साहेबांनी दिवे बघितले, वायपर बघितले. म्हणाले, "हॉर्न." हॉर्न असा वाजला की साहेबांचं पेन खाली पडलं. ते उचलून त्यांनी सही केली. वहिनी स्टेअरिंगवर डोकं टेकून हसली, आणि मग बराच वेळ डोकं वर केलं नाही.

व्हॅन अजून धावते बरं का. निळी आहे, मागे चादरींचे गठ्ठे. वहिनीला दुपारपर्यंत तीन दवाखाने गाठायचे असतात. तेव्हा रस्त्यात मागून तसला हॉर्न ऐकू आला, तर माझं एवढं ऐका. जरा बाजूला घ्या, आणि तिला पुढे जाऊ द्या.