अकोलेवालीची वारंटी

मी एक जुनी गाडी. सेकंडहँड म्हणा, वापरलेली म्हणा, मला राग येत नाही. माझ्या पाटीवर अजून एमएच तीस आहे, म्हणजे अकोला. राहते मात्र अचलपूरजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्यात, जिथं बाकी सगळ्या गाड्यांवर एमएच सत्तावीस असतं, म्हणजे अमरावती. आमच्या भागात सून माहेरच्या गावाच्या नावानं ओळखली जाते. तशी या घरातल्या माणिकबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझी ओळख ठरवून टाकली. "अकोलेवाली धुतली का?" असं त्या विचारायच्या, आणि दारातल्या शेजारणी बिचकून इकडेतिकडे बघायच्या.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पहिली आठवण आहे ती अकोल्याच्या जठारपेठेतली, रागिणी मॅडमच्या दारातली. मॅडम कॉलेजात शिकवायच्या. घरी पोचल्यावर लगेच उतरायच्या नाहीत. एसी चालू ठेवून, डोळे मिटून, थोडा वेळ तशाच बसायच्या. वर घरात काय होतं ते मला माहीत नाही, पण दिवसातला तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा होता आणि तो त्यांनी माझ्यात घालवला. अकोल्याच्या उन्हात त्यांनी मला कधी उघडं ठेवलं नाही. एकही सर्व्हिस चुकवली नाही. पुढं त्या लेकीकडे पुण्याला कायमच्या राहायला गेल्या आणि मी अकोल्यात बायपासवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात आले. माझं आज जे काही बरं आहे त्याचा पाया मॅडमनी घातला, हे मी विसरलेले नाही.

दुकानात उभं राहून माणसं खूप कळतात. कुणी टायरला लाथ मारतं, कुणी दार दोनदा आपटतं, कुणी नुसतं आरशात केस बघून जातं. गोवर्धनभाऊ आले ते वेगळेच. त्यांचा मुलगा चंदन पिकअपमध्ये संत्री भरून अकोल्याच्या बाजारात आणतो, त्यानं मला हेरलं होतं आणि घरच्यांना घेऊन आला होता. गोवर्धनभाऊंनी आधी लांबून एक फेरी मारली, मग जवळून, मग गुडघ्यावर बसून माझ्या पोटाखाली बघितलं. पायपुसणी उचलली, सीटखाली हात घातला.

"बगीचा नुसता धुऱ्याबांधावरून पाहून घेऊ नये," ते मुलाला म्हणाले. "अंदर घुसून पाहा लागते."

फक्त बॉनेट तेवढं त्यांनी उघडलं नाही. ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मागं माणिकबाई उभ्या होत्या, त्यांची बायको. हडकुळ्या, पण डोळे मिस्कील. त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अमरावतीला डायलिसिस करावं लागे. एसटीनं जायच्या, आणि परतताना एकदा परतवाड्याच्या स्टँडवर चक्कर येऊन पडल्या. म्हणून गाडी. चालवणार होती सून गीतांजली, कारण चंदन पिकअप घेऊन बाहेरच असायचा. तिनं त्यासाठी क्लास लावून लायसन काढलं होतं. माणिकबाईंनी माझ्या मागच्या सीटवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे चालते. झोपता येईन इथं."

माझा सौदा तिथंच झाला, असं मी समजते.

दुकानातला योगेश चुणचुणीत मुलगा. कागद झाल्यावर त्यानं वारंटीचं काढलं. इंजिन आणि गिअरबॉक्स बिघडला तर कंपनी दुरुस्त करून देणार. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी, रबरी पाइप हे झिजणारं सामान, ते त्यात बसत नाही. सर्व्हिस वेळेवर हवी. तापमानाचा काटा वर गेल्यावरही गाडी दामटली तर वारंटी बाद. रस्त्यात बंद पडली तर एक फोन करायचा, गाडी उचलून नेतील. पोरानं काही लपवलं नाही, त्याचं मला कौतुक वाटलं.

"काका, एक वर्षाची घेता की तीन वर्षांची?" त्यानं शेवटी विचारलं.

गोवर्धनभाऊ गप्प झाले. त्यांनी माणिकबाईंकडे बघितलं. त्या माझ्या सीटवर बसून दार लावायचं शिकत होत्या. मग त्यांनी मान हलवली.

"नाई लागत. आमी उभा बगीचा इकतो ना भाऊ, त्याची कोणी वारंटी मांगत नाई. व्यापारी येते, पाह्यते, सौदा करते. सौदा झाला का गळ त्याची. झाडाखाली कितीबी संत्रं पडो, आमाले इचारत नाई. म्या गाडी पाह्यली, घेतली. आता गळ माही."

बगीच्याचा सौदा असाच होतो, हे मला पुढं कळलं. फळ झाडावर असतानाच व्यापारी अख्खा बगीचा घेतो. तोडणीपर्यंत जी फळं गळतात ती गळ त्याच्या नशिबाची. गोवर्धनभाऊंच्या वडिलांपासून हेच चालत आलेलं, आणि घेतलेल्या मालाबद्दल मागून बोलणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

योगेश म्हणाला, महिनाभरात कधीही सांगा, नंतर मिळणार नाही.

तो महिना घरात गाजला. गीतांजलीला वारंटी हवी होती. ती भांडायची नाही, पण सोडायचीही नाही. ताट वाढता वाढता म्हणायची, "बाबा, गाडी म्या चालवतो. अंदर आई राह्यते. आसेगावच्या फाट्यावर नाई तं वलगावच्या पुढं बंद पडली तं म्या कोणाले फोन करू?"

"चंदनले कर."

"ते नागपूरले असन तं?"

"मंग मले कर."

"तुमी सायकलवर येसान का?"

गोवर्धनभाऊ पाण्याचा तांब्या उचलत आणि बगीच्यात निघून जात. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, आपल्या हट्टापायी हा माणूस बायकोचा जीव रस्त्यावर टाकतोय. लोकांना वाटतं गाडीला आपलं दुखणं माहीत असतं. खोटं आहे. माझ्या पोटात काय शिजतंय ते मलाही कळत नाही. माणिकबाईंना तरी कुठं कळलं होतं? पाय सुजले तेव्हा त्यांना वाटलं, तोडणीत फार उभं राहिलं म्हणून.

महिना संपत आला होता. एप्रिलमधला शुक्रवार. त्या दिवशी गोवर्धनभाऊही बरोबर होते, कारण त्यांना अमरावतीहून ठिबकचं सामान आणायचं होतं. डायलिसिस झालं. माणिकबाई मागं आडव्या झाल्या. वलगाव गेलं, आसेगावचा पूर्णेचा पूल ओलांडला आणि थोडं पुढं माझ्या काट्यानं मान वर केली.

गीतांजलीनं लगेच मला बाजूला घेतलं.

"हळूहळू चाल ना," गोवर्धनभाऊ म्हणाले. "परतवाडा काई दूर नाई."

"नाई बाबा. काटा वर गेला का चालवाची नाई, त्यानं सांगतलं होतं."

तिनं त्या दिवशी ऐकलं नाही, म्हणून माझं इंजिन आज आहे. बॉनेट उघडलं तेव्हा वाफेचा लोट आला. बाभळीची विरळ सावली होती, तिच्यात सगळे थांबले. माणिकबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. डायलिसिसनंतर त्यांच्या अंगात त्राण राहत नाही. मला फार शरम वाटली. जिच्यासाठी मला आणलं, तिलाच मी उन्हात आणून उभं केलं होतं.

मी निवाले तसे गोवर्धनभाऊ वाकले. यावेळी आत घुसून बघितलं. पाणी नेणाऱ्या पाइपाची पट्टी सैल होऊन सरकली होती. त्यांचा चेहरा खुलला. बगीच्यात ठिबकच्या नळ्या रोज निसटतात, रोज बसवायच्या असतात. पिशवीतून त्यांनी नवी पट्टी काढली, स्क्रू आवळला आणि हात पुसत सुनेकडे वळले.

"हे बसलं असतं का तुह्या वारंटीत?"

"नसतं बसलं," गीतांजली म्हणाली. ती खोटं बोलत नाही.

"पाह्य. म्हणून म्हणतो. गळ घेणाऱ्याची."

मागच्या सीटवरून माणिकबाईंचा आवाज आला. दार उघडंच होतं.

"ज्या साली गार पडली, त्या साली गळ कोणाची होती?"

गोवर्धनभाऊंनी पाइपाची पट्टी पुन्हा चाचपली.

"शेषराव व्यापाऱ्यानं मृगाच्या बहाराचा बगीचा घेतला होता. सौदा झाला होता. गारीनं सारा माल खाली आला. तवा तुमी अर्धा पैसा वापस देला त्याले. काहून देला?"

"तो रडून राह्यला होता धुऱ्यावर बसून. माणूस होय तो."

"मंग मी कोण हाव?"

हे त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. गीतांजली पाण्याचा रिकामा डबा घेऊन उगाच रस्त्याकडे बघत राहिली. गोवर्धनभाऊ माझ्या दाराला टेकून उभे राहिले. त्यांच्या पाठीचा सगळा भार माझ्यावर होता.

"पैशाचं नाई," ते म्हणाले. "सौद्याचंबी नाई. तो पोरगा इचारते, एक साल का तीन साल. त्याले काय सांगू म्या? एक म्हणलं तं..." त्यांनी मागच्या सीटकडे बघितलं. "अन् तीन म्हणाची हिंमत नाई होत. डॉक्टर काईच सांगत नाई."

तेव्हा मला उमगलं. दुकानात ते का गप्प झाले होते, ताटावरून का उठत होते. ज्याला मी हट्टी समजत होते तो माणूस भ्यालेला होता. एका साध्या प्रश्नाचं उत्तर देताना त्याला बायकोचं आयुष्य मोजावं लागत होतं, आणि ते टाळायला त्यानं बापाच्या वेळचा रिवाज पुढं केला होता.

माणिकबाई हसल्या. खरंच हसल्या, थकलेल्या होत्या तरी.

"तीन म्हणा ना. मले काय घाई हाय?"

मग त्यांनी उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली पुढं केली. डायलिसिसच्या माणसाला पाणी बेतानंच प्यावं लागतं. ती बाटली त्यांना पूर्ण दिवस पुरवायची होती.

"अकोलेवालीले पाजा. मले तसीबी मनाई हाय, तिले तं नाई."

गीतांजली नको नको म्हणत होती. गोवर्धनभाऊंनी बाटली घेतली, एक घोट बायकोला दिला आणि उरलेलं माझ्यात ओतलं. कमी पडलं ते गीतांजलीनं जवळच्या शेतातल्या नळावरून डबा भरून आणलं. मी आजवर खूप पाणी प्यायले असेन. चव फक्त त्याच पाण्याची लक्षात राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी गोवर्धनभाऊंनी योगेशला फोन केला. माझ्याच बॉनेटवर कोपर टेकून बोलले. "तीन सालाची दे," एवढंच. मागून भाव केला नाही.

त्यालाही आता तीन वर्षं होत आली. दुसऱ्या पावसाळ्यात माझा गिअरबॉक्स कुरकुरायला लागला. कंपनीच्या लोकांनी आधी बरेच आढेवेढे घेतले, पण गीतांजलीनं सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या समोर ठेवल्यावर दुरुस्त करून दिला. तेवढे दिवस माणिकबाई पिकअपमधून गेल्या आणि परत आल्यावर माझ्याबद्दल विचारायच्या, असं मला चंदनच्या बोलण्यातून कळलं. वारंटी घ्यावी की न घ्यावी, हे मी सगळ्यांना एकच सांगू शकत नाही. गाडी बघा, कागद नीट वाचा, काय बसत नाही ते आधी विचारा. पण गाडीत कोण बसणार आहे, हेही त्या हिशेबात धरा.

परवा गोवर्धनभाऊंनी पुन्हा योगेशला फोन लावला. वारंटी पुढं वाढवून मिळेल का, म्हणून. पलीकडून नकार आला. गाडीचं वय झालं, आता कोणतीच कंपनी देत नाही. ते फोन खिशात टाकून उगाच माझी काच पुसत राहिले.

माणिकबाई सावकाश पायऱ्या उतरून आल्या. आता काठी लागते. मंगळवार होता. त्या नेहमीच्या जागी बसल्या, बाटली उशाशी ठेवली आणि सीटवर दोनदा थोपटलं.

"काय म्हणते तो पोरगा?"

"नाई भेटत म्हणते. वय झालं."

"मंग काय झालं," त्या म्हणाल्या. "आता गळ आपली. तिची अन् माही."

गोवर्धनभाऊंनी दार हलक्या हातानं लावलं आणि ते पुढं बसले. हल्ली ते दर खेपेला बरोबर येतात.

माझं फार मागणं नाही. रागिणी मॅडमनी मला जपलं, या घरानं मला नाव दिलं, आणि जिला घोटघोट पाणी मोजून मिळतं तिनं आपलं पाणी मला पाजलं. एका गाडीच्या वाट्याला याहून जास्त काय यावं? एवढंच वाटतं की मी थांबायचंच झालं, तर तिला घरी पोचवून थांबावं.

गीतांजलीनं चावी फिरवली. हल्ली मला सुरू व्हायला थोडा वेळ लागतो.

"चाल व बाई," मागून आवाज आला.

मी निघाले.