कंट्रोलर लागत नाही

मधुसूदनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि बीड बायपासच्या अंगाला अशा ठिकाणी फ्लॅट घेऊन बसले, की जिथं पाटाचं सोडा, नळाचंही पाणी पोचलेलं नव्हतं. चोहीकडं इमारती उठत होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या टँकरवर जगत होत्या. लोक हसले. बायको होती तोवर मधुसूदनरावांनाही हसू यायचं. ती गेली आणि तेवढंच घर अंगावर यायला लागलं.

मुलगा केयूर पुण्यात. त्याचा फोन यायचा तो आईला. ती तासभर बोलायची आणि शेवटी "थांब, बाबांना देते" म्हणायची. बाप-लेकांचं बोलणं ठरलेलं. "बरं आहे ना?" "बरं आहे." "ठेवतो." आता एवढ्या तीन वाक्यांवर अख्खा रविवार माणसानं ढकलायचा कसा?

केयूरलाही ते टोचत असावं. दिवाळीला आला तेव्हा त्यानं आपला जुना गेमचा कंट्रोलर घरच्या कॉम्प्युटरपाशी ठेवला. "रविवारी मी तिकडून, तुम्ही इकडून. फुटबॉल खेळू."

पहिल्या रविवारी कंट्रोलरचा दिवा नुसताच लुकलुकत राहिला. केयूरनं फोनवरून एकेक गोष्ट करून घेतली. आधी वायर बदलायला लावली, कारण वडिलांनी लावलेल्या वायरीतून नुसतं चार्जिंग होत होतं, बाकी काही जात नव्हतं. मग ब्लूटूथमधलं जुनं नाव काढायला लावलं. शेवटी कंट्रोलर लागला, तर पडद्यावरचा खेळाडू आपला डावीकडंच पळत सुटलेला.

"बाबा, स्टिकवर बोट आहे का तुमचं?"

"नाही बुवा. वरून प्लास्टिक आहे फक्त."

"प्लास्टिक?"

"धूळ किती आहे इथं! पिशवी घालून रबर लावलंय. टीव्हीच्या रिमोटला लावतो तसं."

त्या रबरानं खेळाडू फिरवायची स्टिक एका अंगाला दाबून धरली होती. केयूर इतका हसला की त्याला ठसका लागला. हसता हसता बोलतच राहिला. टँकर वेळेवर येतो का, भाजी कोण करतं, गुडघा काय म्हणतो. त्या दिवशी मधुसूदनराव पोटभर जेवले.

दुसऱ्या रविवारी सगळं झटक्यात जुळलं. "बाबा, पास द्या." "बाबा, मागं बघा." "हरलात!" सामना संपला आणि फोनही संपला.

तिसऱ्या रविवारी मधुसूदनरावांनी फोन उचलला आणि नोकरीत कधी बोलले नव्हते इतकं बेधडक खोटं बोलले. "अरे, कंट्रोलर लागत नाही."

पुढं कित्येक रविवार तो लागलाच नाही. मधुसूदनराव आठवडाभर इंटरनेटवर नवनवे बिघाड वाचून ठेवायचे. कधी ड्रायव्हर गेला, कधी बॅटरी बसली. केयूर बिचारा तासभर शोधत राहायचा आणि शोधता शोधता बोलायचा. मधुसूदनरावांना लाज वाटायची, नाही असं नाही. पण फोन वाजला की लाज कुठल्या कुठं पळायची.

मे महिन्यात केयूर म्हणाला, "बाबा, असं नाही कळायचं. तुमचा स्क्रीनच बघतो मी इथून." तो सांगेल ते ॲप मधुसूदनरावांनी मुकाट्यानं घेतलं. नाही कसं म्हणणार? त्यानं तिकडूनच कंट्रोलर तपासायची खिडकी उघडली. एरवी आठवणीनं बंद ठेवलेला कंट्रोलर त्या गडबडीत चालूच राहिला होता, आणि अंगठ्याला कुठली स्वस्थता! अंगठा पडला त्या बटणाचा लाल ठिपका पडद्यावर उजळला. मग दुसरा.



"चालतोय की, बाबा."

"आत्ताच लागला वाटतं."

"बाबा."

मधुसूदनरावांचे कान तापले. आता हा चिडणार आणि रविवार कायमचा जाणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं. पण केयूर चिडला नाही. आईशी बोलताना व्हायचा तसा त्याचा आवाज झाला.

"ठेवा ते बाजूला. गेम राहू द्या. बोला ना तुम्ही, काय चाललंय?"

हेच तर हवं होतं. टँकरच्या जोडीला इमारतीचं होतं नव्हतं ते बोअरही आटलं होतं. शेजारचे सखारामपंत फ्लॅट विकून सोयगावला निघाले होते, म्हणजे संध्याकाळी बोलायला मजल्यावर कुणी उरणार नव्हतं. परवा पहाटे केयूरची आई स्वप्नात आली आणि एक शब्द न बोलता गेली. हे सगळं सांगायचं होतं. मधुसूदनरावांनी तोंड उघडलं, पण पहिला शब्द काही सुचेना. तिकडं केयूर थांबला होता.

"बरं आहे," ते म्हणाले. म्हणाले मात्र, आणि आता हा ठेवतो म्हणेल, या भीतीनं त्यांनी कंट्रोलर घट्ट धरला.

"केयूर, आता कुठलं बटण दाबू, ते सांग ना."