रोहिदासजवळ

"वाचा ना तुम्हीच," म्हणत एचआरच्या जयदीपसरांनी कागद धम्मपालकडे सरकवला. "तुमचंच अक्षर आहे."

'गार्ड वॉज रिमूव्ह्ड अँड केप्ट बाय रोहिदास.'

हे वाक्य लिहिलं तेव्हा रोहिदासच्या उजव्या हाताची बोटं प्रेसखाली चिरडून तासही उलटला नव्हता. मेंटेनन्सवाल्यांनी प्रेसचा गार्ड, म्हणजे पुढची संरक्षक जाळी, काढून रोहिदासच्या शेजारी टेकवून ठेवली आणि मॅनेजरने तसंच काम सुरू करायला लावलं, हे धम्मपालने डोळ्यांनी पाहिलं होतं. साक्षीदार तो एकटाच. जबाब मराठीत दिला असता तरी चाललं असतं. पण सुपरवायझर व्हायचं म्हणून तो निगडीला इंग्रजीच्या क्लासला जात होता. 'बाय' म्हणजे 'जवळ' हे नुकतंच शिकला होता. रोहिदासला अँब्युलन्समधून नेलं होतं, आणि तो शब्द वापरायला मिळाला म्हणून हा मनातून थोडा सुखावलाही होता.

"सर, बाय म्हणजे जवळ. जाळी रोहिदासजवळ ठेवली होती, असं म्हणायचंय मला."

"इथं त्याचा अर्थ 'रोहिदासने' असा होतो. त्यानेच काढली, त्यानेच ठेवली."

"मग मी मराठीत लिहून देतो."

"रिपोर्ट वर गेलाय. आता फिरवलंत तर कुणी फिरवायला लावलं, असं विचारतील." जयदीपसरांनी कागद परत फाइलीत ठेवला. "सुपरवायझरचा इंटरव्ह्यू आहे ना तुमचा, पुढच्या महिन्यात?"

'तरी लिहून देतो,' हे शब्द धम्मपालच्या ओठांवर आले होते. पण तो "बरं सर" म्हणाला आणि बाहेर पडला.

रविवारी तो निघोज्याला रोहिदासच्या खोलीवर गेला. चूक त्याचीच ठरवून कंपनी मोकळी झाली होती. धम्मपालने त्याला 'बाय'चे दोन्ही अर्थ समजावून सांगितले. इंटरव्ह्यूचं मात्र बोलला नाही.

रोहिदासने सगळं ऐकून घेतलं.

"धम्मा, आपण शाळेपासनं मराठीतच बोलतोय न्हवं?"

"व्हय."

"मग माझ्या हाताचंच तेवढं इंग्रजीत का लिवलंस?"



ड्रेसिंगला जायची वेळ झाली होती. रोहिदासची बायको मिनल त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि ती गॅस बंद करायला गेली. गळ्याजवळचं बटण राहिलं. रोहिदास डाव्या हाताने ते लावायला लागला. काजात जाईना.

धम्मपाल उठून पुढे झाला, तसा रोहिदासने त्याच्याकडे पाठ केली.